रुंदी एकशे सदतीस

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ही वही नव्या घरात. जुन्या वहीची चाळीस पानं अजून कोरी आहेत, पण नव्या घराला नवी वही हवी, असं मनानं घेतलं. शाळेत वर्ग बदलला की कवितेच्या नव्या पुस्तकाला आम्ही आधी नाक लावायचो आणि मग उघडायचो. तसं आज मी प्रत्येक खोलीला नाक लावून आलो. पुढच्या खोलीला चुन्याचा वास आहे. स्वयंपाकघराला उतू गेलेल्या दुधाचा. न्हाणीघराला ओल्या दगडाचा आणि साबणाचा, जणू कुणी नुकतंच अंघोळ करून बाहेर पडलंय.

घर तळमजल्यावर आहे. दोन खोल्या आणि न्हाणीघर. खिडकीतून रस्ता दिसतो आणि पलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान. त्याच्या दारात टांगलेली चाकं वाऱ्यानं आपली आपण फिरत असतात. मी आज तासभर ती बघत बसलो आणि मला कुणीही उठवलं नाही. लेकीकडे दोन वर्षं माझी खाट पॅसेजमध्ये होती. तिचा दोष नाही, तिच्याकडे माणसं चार आणि खोल्या अडीच, त्यात मी पाचवा. येणारा-जाणारा खाटेला गुडघा लावून जायचा आणि सॉरी बाबा म्हणायचा. दिवसातून तीस वेळा कुणी माफी मागितली की माणूस थकतो.

घर घेऊ दिलं तिनं, पण अट घालून. गेल्या वर्षी मी तिच्या बाथरूममध्ये पडलो आणि सहा आठवडे पाठीवर पडून काढले. शिवाय एकदा गॅसवर दूध ठेवून मी एक विसरलेलं कडवं आठवत बसलो आणि पातेल्याचं बूड गेलं. तेव्हापासून ती माझं बोलणं एका कानानं ऐकते आणि दुसऱ्या कानानं तपासते. तर अट अशी, की न्हाणीघर नीट करून घ्यायचं. पाय घसरणार नाही अशी फरशी हवी आणि भिंतीला धरायला दांड्या हव्यात. दोन मार्चच्या रविवारी ती आणि जावई बघायला येणार. पसंत पडलं तर मी इथं राहायचं, नाही तर वृद्धाश्रम. तिथं तिनं नाव नोंदवून ठेवलंय. तुम्ही पडलात की रजा मलाच काढावी लागते बाबा, असं ती म्हणाली. खरं आहे. पण वृद्धाश्रम हा शब्द तिनं इतक्या हळू उच्चारला, की लहानपणी ती गणितातले मार्क सांगायची तेच आठवलं.

सत्तावीस दिवस आहेत. पुष्कळ आहेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी न्हाणीघराची मोजणी केली. चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली, त्यामुळे हाताला दुसरं काही सुचत नाही. आधी मोजायचं, मग बघायचं. आमचे साहेब म्हणायचे, डोळा लाच खातो, फीत खात नाही. लांबी १९८ सेंटिमीटर, रुंदी १३७. वर एक झरोका, हात कसाबसा जाईल एवढा. दार आत उघडतं. एक नळ, एक कोपऱ्यातली जाळी, करड्या टाइल, त्यातल्या चार तडकलेल्या. पायाखाली गुळगुळीत, शेवाळ्यासारखं. लेकीनं हे पाहिलं असतं तर मला दारातूनच परत नेलं असतं.

एक मोठा गुण मात्र सापडला. आवाज घुमतो. आमच्या चौथीच्या बाई टेबलावर पट्टीनं ठेका धरून कविता म्हणून घ्यायच्या. चुकला की पट्टी थांबायची, आणि त्या शांततेची भीती माराहून जास्त होती. आज भुजंगप्रयातातलं एक कडवं मोठ्यांदा म्हटलं. प्रत्येक चरण भिंतीला लागून, थोडा गोलाई घेऊन, पूर्ण परत आला. सत्तरी उलटल्यावर माणसाला आपला आवाज चांगला वाटेल अशी जागा मिळणं ही साधी गोष्ट नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गवंडी पाठवला. कानावर पेन्सिल, खांद्यावर ओळंब्याची दोरी, बोलण्यात उरक. आल्या आल्या विचारलं, फोडून करायचं की वरून चढवायचं. फोडायचं तर विटेपर्यंत भिंत सोलायची, राडारोडा टेम्पोनं हलवायचा, आठ-दहा दिवस जास्त. चढवायचं तर जुनी टाइल खरवडून खडबडीत करायची आणि तिच्याच अंगावर नवी चिकटवायची. खर्च तिसरा हिस्सा. माझ्या पुंजीत फोडणं बसत नव्हतं. फोडलं असतं तर दांड्यांना काही उरलं नसतं. चढवा म्हणालो.

तो हसला. म्हणाला, आजोबा, या घरात आजवर सगळ्यांनी हेच म्हटलंय. आणि मला चौकटीपाशी नेऊन भिंतीची कड दाखवली. मिटलेल्या पुस्तकाची पानं बाजूनं दिसावीत तसे थर. अगदी आत पांढरी टाइल, तिच्यावर पिवळी, मग हिरवट, मग निळ्या फुलांची, मग आत्ताची करडी. पाच. पाच माणसं इथं आली आणि पाचांनीही पैसे वाचवले. कुणी कुणाचं काही काढून टाकलं नाही, नुसतं झाकलं. मला त्यात फार गोडवा वाटला. गवंड्याला म्हणालो, ही पाच कडव्यांची कविता आहे, सहावं आपण लिहू. तो म्हणाला, लिहा तुम्ही, मी माल कालवतो.

एका थरात खोली अडीच सेंटिमीटरनं आत येते. होणारी रुंदी १३४.५.

१० फेब्रुवारी, सोमवार

काम सुरू झालं. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो. गवंडी टाइल लावतो, मी कविता म्हणतो, आणि मी एखाद्या कडव्यात अडकलो की तो माझ्याकडे न बघता म्हणतो, आजोबा, तुमचाही माल संपला वाटतं.

दुपारी नव्या नळासाठी भिंतीला भोक पाडताना छिन्नी एकदम आत गेली. मागे पोकळी होती. त्यानं कड वाढवली, हात घातला आणि एक टॉवेल बाहेर ओढला. हिरव्या टाइलवर खुंटी तशीच आहे, तिच्यावर टॉवेल तसाच होता, आणि कुणीतरी वरून निळी फुलं चढवली होती. गवंडी हसून म्हणाला, आधीच्याला फार घाई झालेली दिसते, टॉवेलसकट घर लिंपलं. हसता हसता त्यानं तो पिळला. पाणी निघालं.

पाइप झिरपत असेल, असं त्याचं मत. असेलही. पण टॉवेलला साबणाचा वास येत होता, आणि तो जुना नव्हता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काम पूर्ण. भिंती पांढऱ्या, फरशी खरखरीत, दोन दांड्या, एक नळाजवळ, एक दाराजवळ. नुसते भिंतींच्या टाइलमधले सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरायचे राहिलेत, ते माल वाळला की सोमवारी, असं ठरलं.

निघण्यापूर्वी गवंड्यानं थापीच्या मुठीनं एकेक टाइल वाजवून पाहिली. ही त्यांची पद्धत आहे. भरीव बसली असेल तर ठक्क असा आवाज येतो, आत पोकळ राहिली असेल तर बोदा. प्रत्येक टाइलवर दोनदा ठोकायचं. ठक्क ठक्क, पुढची. ठक्क ठक्क, पुढची. नळाच्या भिंतीपाशी त्यानं दोनदा ठोकलं आणि तीनदा वाजलं.

तो थांबला. पुन्हा दोनदा ठोकलं. पुन्हा तीनदा वाजलं. मी म्हणालो, आवाज घुमतो इथं. त्यानं चौकटीपाशी जाऊन कडेवर बोट ठेवून ओठांत काहीतरी मोजलं, थापी पिशवीत टाकली आणि निघाला. उरलेली मजुरी मी पाकिटात तयार ठेवली होती. सोमवारी घेतो म्हणाला, तेही माझ्याकडे पाठ फिरवून.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिली अंघोळ. एका तांब्याला एक चरण, असा हिशेब धरून शार्दूलविक्रीडितातली चार कडवी म्हटली, तेवढ्यात बादली संपली. दांडी धरून उठलो, गुडघा कुरकुरला नाही. झरोक्यातून उन्हाची एक चौकट समोरच्या भिंतीवर आली होती. मला वाटलं, ही आज हयात हवी होती, हिनं हे बघायला हवं होतं. हिला न्हाणीघरातलं माझं गाणं कधी आवडलं नाही, पण ते थांबलं की दारावर टिचकी मारून विचारायची, आहात ना.

रुंदी १३४.५. फीत अगदी बरोबर बसली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गवंडी काल आला नाही, आजही नाही. पैसे घ्यायला न येणारा गवंडी मी जन्मात पहिल्यांदा पाहतो आहे.

आज बादली आणि स्टूल शेजारी-शेजारी बसेनात. शनिवारी बसत होती. फीत आणली. १३२. पुन्हा मोजलं, १३२. खात्यात वादाच्या मोजणीला करायचो तसं केलं, तीन ठिकाणी, तीन वेळा, मध्ये फीत गुंडाळून ठेवून. १३२, १३२, १३२. शनिवारचा आकडा मीच या वहीत लिहिलाय, माझ्याच अक्षरात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

लेकीला फोन केला. सहज म्हणून सांगितलं की न्हाणीघर छान झालंय, फक्त थोडं आवळतंय. आवळतंय म्हणजे, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, अडीच सेंटिमीटर. मग सकाळची गोळी घेतली का, काल रात्री काय जेवलात, आज वार कोणता, असं एकामागून एक विचारत गेली. आवाज गोड होता, पण तोंडी परीक्षेचा. मी ओळखलं आणि मोठ्यानं हसलो. म्हणालो, अगं, थट्टा, गवंड्यानं टाइल जाड लावल्या एवढंच. तीही हसली, पण अर्ध्या क्षणानं उशिरा.

तेव्हा आता एवढं कळलं, की हे मला कुणाला सांगता येणार नाही. भिंती सरकतात म्हटलं की मी रविवारच्या आतच आश्रमात. आणि आजपर्यंत कुणीही माझं काही ऐकलं नसेल, पण माझ्या मोजणीवर शंका घेतली नव्हती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

१२९.५.

वरच्या बाईंकडे गेलो. निमित्त केलं, तुमचं न्हाणीघर बघू, दांड्या कुठं लावल्यात. त्या म्हणाल्या, माझ्या घरात दांड्या नाहीत, मी अजून म्हातारी झालेली नाही. पण मोजू दिलं. रुंदी १४७. थर एकच, पांढरा. मग खाली येऊन मी बाहेरून भिंत मोजली. वरची आणि खालची बाहेरची मापं सारखी, रेषेत रेष. म्हणजे माझी भिंत बाहेर गेलेली नाही, नुसती आत आली.

बाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, तुमच्या आधीचे गृहस्थही असेच फीत घेऊन हिंडायचे, त्यांनीही माझं न्हाणीघर मोजलं होतं. ते कुठं गेले म्हणून विचारलं. मुलाकडे गेले म्हणे. सामान कधी गेलं ते काही त्यांनी पाहिलं नाही. मुलाचा मात्र नंतर फोन आला होता, बाबा आहेत का तिथं म्हणून. त्यावर त्या हसल्या. पुरुषांना मेलं काही सांगून जायची सवयच नसते, असं म्हणाल्या.

चौतीस वर्षांत मी जमीन नाहीशी झालेली पाहिली नाही. एकाकडे कमी भरली की शेजाऱ्याकडे तेवढीच जास्त भरते. हा आमच्या कामाचा पायाच. मग माझा थर धरूनही माझ्याकडे पाच सेंटिमीटर कमी भरतात, ते कुणाकडे जास्त भरतात?

माझा शेजारी कोण?

२३ फेब्रुवारी, रविवार

१२४.

आज कविता म्हटली आणि मध्येच थांबलो. प्रतिध्वनी पूर्वीसारखा मागून येत नाही. जवळ आलाय. पहिल्या चरणाला तो माझ्या शेवटच्या अक्षरावर आला. दुसऱ्या चरणाला मधल्या यतीवर. तिसरा चरण आम्ही दोघांनी बरोबर म्हटला.

चौथा चरण मी म्हटलाच नाही. नुसतं तोंड उघडलं होतं. तो भिंतीतून पूर्ण ऐकू आला, माझ्याच आवाजात, ठेक्यात, एकही मात्रा न चुकता.

अंगावर साबण तसाच घेऊन बाहेर आलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मजूर कामासाठी उभे राहतात त्या चौकात जाऊन गवंड्याला शोधला. मला पाहून त्यानं दुसऱ्या फुटपाथवर जायला पाऊल उचललं, मग वयाकडे बघून थांबला असावा. पाकीट पुढे केलं. घेतलं नाही. त्या भिंतीचे पैसे नकोत म्हणाला. मी म्हटलं, अरे बाबा, निदान सांग तरी. तेव्हा त्यानं खाली बघत सांगितलं. पाच थर जुने होते, ते त्यानं माझ्यासमोर मोजले होते. सहावा त्यानं स्वतः लावला. निघताना चौकटीपाशी त्यानं पुन्हा मोजले तेव्हा सात भरले, सातवा अजून कागदाएवढा पातळ.

तो सातवा कुणी लावला, असं मी विचारलं. तो म्हणाला, आजोबा, मला दोन लेकरं आहेत. मी एवढंच सांगतो, त्या खोलीचं दार आतून लावू नका, आणि जमलं तर घर सोडा.

घर सोडून कुठं जाऊ, ते त्याला कोण सांगणार.

२६ फेब्रुवारी, बुधवार

११४. तीन दिवसांत दहा.

अंघोळ स्वयंपाकघरात, बादली मोरीपाशी ठेवून. न्हाणीघराचं दार लोटून ठेवलंय आणि समोर खुर्ची.

सकाळी दार उघडून पाहिलं. मी पांढऱ्या टाइल लावल्या होत्या. आता भिंतीवर निळी फुलं आहेत. नवी कोरी, चकचकीत. दांड्या आहेत, पण त्या फुलांच्या वर आहेत, आम्ही लावल्या तशाच, जागच्या जागी, जणू भिंत त्यांना बरोबर घेऊन पुढे आली.

सांधे मात्र भरलेले नाहीत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा फोन. रविवारी अकराला येतात. जावई म्हणाले, बाबा, काही हवंय का येताना. मी म्हणालो, काही नको, मोकळ्या हातानं या. ओठांवर आलं होतं की एक हातोडा आणा.

आश्रमात खिडकी असते का, हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर ती खूश झाली असती. एक शब्द पुरे होता. मी येतो, एवढाच. तो आला नाही. पॅसेजमधली खाट आठवली. रोज कुणाच्या तरी पायात येणं आठवलं. म्हणालो, सगळं झकास आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

९६.

ठरवलं. उद्या फोडायचं. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते. सगळे थर विटेपर्यंत सोलायचे. सायकलवाल्याकडून हातोडा आणि छिन्नी मागून आणली. तो म्हणाला, काका, या वयात. मी म्हणालो, एवढंच वय उरलंय.

अर्धी भिंत पडली तरी चालेल. रविवारी लेकीला सांगेन, गवंडी फसवून गेला. फसलेला म्हातारा चालतो. वेडा चालत नाही. आणि वही आत घेऊन जाणार. एकेक थर निघेल तसा नोंदवीन. रंग, जाडी, रुंदी. पुरावा कागदावर असला की कुणी गोळीचं विचारत नाही.

१ मार्च, शनिवार. सकाळ

दाराला वीट लावून आत आलो. कडी लावलेली नाही. ८८.

पहिला थर निळी फुलं. चार टाइल निघाल्या.

त्यांच्या मागे माझ्या पांढऱ्या. म्हणजे फुलं खरंच नंतरची आहेत. नोंद केली.

मग करडी. मग पुन्हा निळी, ही जुनी. मग हिरवट. खुंटी दिसली. खुंटीवर टॉवेल आहे. गवंड्यानं तो माझ्यासमोर फेकून दिला होता.

हिरवटाच्या मागे पिवळी नाही. पांढरी नाही. वीट नाही. पोकळी. दिवा धरला तर उजेड आत जातो आणि कुठंच लागत नाही.

सापडली. हरवलेली जागा सापडली. शेजाऱ्याकडे जास्त भरलेली जमीन ती हीच.

तासाभरानं

भोक खांदा जाईल एवढं केलं. मोजल्याशिवाय नोंद करायची नाही, ही सवय. म्हणून आत गेलो. फक्त माप घेण्यापुरता.

फितीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. चौतीस वर्षं कुणीतरी असायचा. मी एक टोक भिंतीला लावलं, दुसरं अंधारात सोडलं, आणि तोंडातून सवयीनं गेलं, धर.

फीत ताणली गेली.

नीट ताणली. झोळ न पडता, सरळ रेषेत, जसं शिकलेला माणूस शून्य भिंतीला टेकवून धरतो. मी आकडा वाचला. एकशे सदतीस.

वळलो तर भोक नव्हतं.

शनिवार. उजेड आहे अजून

शांत राहून लिहितो.

मी आलो तिथं टाइल आहेत. त्यांची पाठ माझ्याकडे आहे, खडबडीत, मालाचे वळ असलेली. हातोडा बाहेर राहिला. छिन्नीही. माझ्याकडे वही आहे, पेन्सिल आहे.

टाइलच्या सांध्यांतून उजेड येतो. आडव्या-उभ्या बारीक रेघा. पाटीवर आखाव्यात तशा. त्या उजेडात लिहिता येतं. सांधे भरायचे राहिले म्हणून. गवंड्याचे आभार.

फितीचं टोक त्यानं सोडलेलं नाही. मी माझं सोडलं. फीत हळूहळू तिकडे गेली.

तो बोलत नाही. साबणाचा वास येतो.

शनिवार

ओरडलो. बाहेर बाईंचा पाय जिन्यावर वाजला. थांबला. पुन्हा वाजला. वर गेला.

ठोकलं. दोनदा. मागून एकदा.

खालची पहिली रेघ बुजली. आपोआप. पांढरं काहीतरी सांध्यातून भरत गेलं, डावीकडून उजवीकडे. कुणी बोटानं फिरवावं तसं. सफाईनं.

नंतर

पाठीमागे भिंत आहे. सकाळी नव्हती. हात दोन्हीकडे पसरता येत नाही.

रुंदी — फीत नाही. वितीनं. चार विती.

कविता म्हणून बघितली. मी एक चरण म्हणायचो की तो पुढचा. मग मी गप्प. तो म्हणत राहिला. माझ्या सगळ्या. चौथीतल्यासुद्धा. मी विसरलेलं कडवं, दूध उतू गेलं त्या दिवशीचं — त्याला येतं.

रविवार असावा

सांध्यांत ऊन. वरच्या अर्ध्यातच. खाली अंधार भरलाय, कमरेपर्यंत.

तीन विती.

दाराचं कुलूप वाजलं. तिच्याकडे किल्ली आहे. तिची चप्पल. जावयांचे बूट. बाबा म्हणून हाक.

ती न्हाणीघरात आली. सावलीनं रेघा एकेक करून झाकल्या आणि उघडल्या. माझ्यापासून हातभर. तिच्या केसांचं तेल ओळखलं मी. दांडी ओढून पाहिली तिनं, दोन्ही हातांनी. पाय घासून फरशी पाहिली, तिथं माझा हातोडा नव्हता, फुटलेल्या टाइलचा एक तुकडाही नव्हता. म्हणाली, बघा, बाबांनी खरंच केलं. फुलं किती छान निवडली. जावई म्हणाले, जरा अरुंद आहे. ती म्हणाली, बरंच की, पडायला जागाच नाही.

तिनं विचारलं, बाबा, आहात कुठं —

मी तोंड उघडलं. सगळा श्वास गोळा केला होता, तिच्या नावासाठी.

आधी तो बोलला. माझ्या आवाजात. वरून, झरोक्याकडून आल्यासारखा. वर बाईंकडे बसलोय गं, कविता चालल्यात. तुम्ही निघा, ऊन होईल. मी इथं मजेत आहे.

मी ओरडलो. ओरडतोय. ती जावयांना म्हणाली, पाइपमध्ये हवा भरलेली दिसते.

मग तिनं दांडीवरून पुन्हा एकदा हात फिरवला. नाक ओढल्याचा आवाज आला. आश्रमात उद्या फोन करून नाव काढून टाकते, असं म्हणाली. बाबांचा इतका खुशीतला आवाज दोन वर्षांत ऐकला नाही, म्हणाली. राहू दे त्यांना इथेच.

दार लोटलं. बूट. चप्पल. कुलूप.

रेघा तीन. दोन. तो भरतोय, घाई नाही त्याला. खांदे हलत नाहीत. वही छातीशी आहे, हात तेवढाच —

एक. डोळ्यासमोरची. तिच्यातून दांडी दिसते. अजून हलते आहे, तिनं धरली होती ती. पेन्सिल जाईल एवढी फट आहे. बुजायच्या आत ही पेन्सिल तिच्यात खुपसतो, टोक जरी बाहेर निघालं तरी ती कधी पुन्हा आली तर तिला